अध्याहृत मूल्ये आणि जुनी वाद्ये : एका मुक्तस्रोत ध्वनिसंश्लेषकाच्या शाखाभेदाचा इतिहास

१. विषयप्रवेश

भाषेच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यापुढे दोन प्रश्न नेहमीच उभे असतात. भाषेत नवे कसे येते, हा पहिला. आणि नवे आल्यानंतरही जुने लेखन वाचनीय कसे राहते, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाकडे लक्ष सहज जाते, कारण नवे डोळ्यांत भरते. दुसऱ्याकडे ते मुद्दाम न्यावे लागते. प्रस्तुत लेखात हे दोन्ही प्रश्न भाषेबाहेरील एका क्षेत्राला लावून पाहावयाचे आहेत. ते क्षेत्र म्हणजे संगणकाच्या आज्ञावलीतून निर्माण झालेली वाद्ये, अर्थात वादक ज्यांना सॉफ्टवेअर सिंथेसायझर म्हणतात ते ध्वनिसंश्लेषक.

लिनक्स या प्रणालीवर संगीतरचना करणाऱ्या लोकांत 'झिनॲडसबएफएक्स' (यापुढे केवळ 'झिन') आणि त्यातून निघालेला 'योशिमी' हे दोन संश्लेषक सुपरिचित आहेत. दोन्ही मुक्तस्रोत आहेत. म्हणजे त्यांची मूळ संहिता कोणासही वाचता येते, बदलता येते व बदललेली इतरांस देता येते. अशा आज्ञावलीची नवी आवृत्ती निघाली की तीत कोणत्या नव्या सोयी आल्या, याची यादी प्रसिद्ध होते आणि वादक ती उत्सुकतेने वाचतात. तथापि या नव्या सोयींचा इतिहास केवळ भर पडत गेल्याचा इतिहास नव्हे. प्रत्येक सोयीबरोबर एक अडचणीचा प्रश्न येतो : कालपर्यंत बांधलेले ध्वनी उद्या तसेच वाजतील काय? या प्रश्नाचे उत्तर या दोन शाखांनी कसे दिले, हे दाखविणे हा या लेखाचा हेतू आहे.

२. पूर्वपीठिका

संगणकाकडून ध्वनी निर्माण करविण्याचा शास्त्रीय प्रयत्न अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत मॅक्स मॅथ्यूज यांनी १९५७ मध्ये केला. त्यांच्या 'म्यूझिक' नामक आज्ञावलीने आयबीएम ७०४ या यंत्रावर निर्माण केलेली पहिली रचना जेमतेम १७ सेकंदांची होती. याच परंपरेत पुढे मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील बॅरी व्हरको यांची 'सी-साउंड' ही आज्ञावली १९८६ मध्ये आली. या पद्धतीत रचनाकार आपल्या सूचना प्रथम लिहून काढी आणि यंत्र त्यांवरून ध्वनी तयार करी. वाजविणे आणि ऐकणे यांत बराच काळ जाई. वाद्य हाताखाली नसे.

दुसरी परंपरा प्रत्यक्ष वाद्यांची. जॉन चाउनिंग यांनी स्टॅनफर्ड येथे शोधलेली कंपनसंख्या-परिवर्तनाची रीत १९७३ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यावर आधारलेले यामाहा कंपनीचे डीएक्स ७ हे वाद्य १९८३ मध्ये बाजारात आले. त्याच वर्षी निरनिराळ्या कंपन्यांच्या वाद्यांस परस्परांशी जोडणारा 'मिडी' हा संकेत रूढ झाला. या संकेतात स्वराला ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक असतो आणि वाहिन्या १६ असतात. हे दोन आकडे पुढील विवेचनात पुन्हा येणार असल्याने येथेच ध्यानात ठेवावेत.

लिनक्सचे मूळ १९९१ चे. परंतु ध्वनीच्या कामासाठी ते बराच काळ गैरसोयीचेच होते. ध्वनियंत्रणेचा 'आल्सा' हा नवा पाया लिनक्सच्या २.६ या आवृत्तीबरोबर डिसेंबर २००३ मध्ये मुख्य प्रवाहात स्थिर झाला. त्याच सुमारास पॉल डेव्हिस यांनी आरंभिलेल्या 'जॅक' या यंत्रणेमुळे अनेक आज्ञावल्यांना एकमेकींत ध्वनी खेळविता येऊ लागला. येथे कालमर्यादा किती कडक असते हे एका आकड्यावरून कळेल. सेकंदास ४८,००० नमुने आणि एका खेपेस २५६ नमुने असा हिशेब धरल्यास प्रत्येक खेपेची गणना सुमारे ५.३ सहस्रांश सेकंदांत पुरी झालीच पाहिजे. ती चुकली की ऐकणाऱ्यास खटका ऐकू येतो. काटेकोर वेळ पाळण्याची सोय देणारे बदल लिनक्सच्या गाभ्यात पूर्णतः समाविष्ट होण्यास २०२४ साल उजाडले. झिनचा जन्म या दीर्घ वाटचालीच्या आरंभकाळातील आहे.

३. झिनची घडण

रुमानियातील नास्का ऑक्टेव्हियन पॉल यांनी २००२ मध्ये झिनची रचना सुरू केली व त्याची संहिता 'जीपीएल' या परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीखाली खुली ठेवली. या परवान्याची मुख्य अट अशी की, जो कोणी बदललेली आज्ञावली इतरांस देईल त्याने तिची संहिताही त्याच अटींवर दिली पाहिजे. पुढील सर्व इतिहास या एका अटीवर उभा आहे.

वाद्याचे नाव त्याच्या घडणीचे वर्णनच आहे. 'ॲड' म्हणजे बेरजेची रीत : मूळ स्वर व त्याचे उपस्वर हव्या त्या प्रमाणात मिळवून ध्वनी रचावयाचा. 'सब' म्हणजे वजाबाकीची रीत : सर्व कंपनसंख्या असलेला कोलाहल घेऊन प्रत्येक उपस्वराच्या जागी अरुंद गाळणी लावावयाची व उरेल तो ध्वनी ठेवावयाचा. 'एफएक्स' म्हणजे घुमारा, प्रतिध्वनी इत्यादी संस्कार.

परंतु झिनची खरी कीर्ती नावात न आलेल्या तिसऱ्या रीतीमुळे झाली. तिला 'पॅडसिंथ' म्हणतात. मानवी कंठाचा किंवा वाद्यवृंदाचा उपस्वर हा एका रेघेसारखा नेमका नसतो. तो थोडा पसरलेला असतो. नास्का यांनी प्रत्येक उपस्वराला अशी रुंदी दिली, त्यातील घटकांच्या कला यदृच्छेने ठरविल्या आणि एकाच मोठ्या गणनेने त्यातून दीर्घ लहर तयार केली. या लहरीचा शेवट तिच्या आरंभाशी बेमालूम जुळतो, त्यामुळे ती कितीही वेळ फिरवून वाजविता येते. या रीतीतून निघणारा भरदार, थरथरता ध्वनी झिनची ओळख होऊन बसला.

कला यदृच्छेने ठरत असल्यामुळे एकच ध्वनी दोन वेळा निर्माण केला तर दोन्ही लहरी अंकशः सारख्या नसतात. तरीही वादक त्यांना एकच ध्वनी मानतो. ध्वनिविचाराच्या विद्यार्थ्यास हे नवीन नाही. एकाच व्यक्तीने दोनदा उच्चारलेला 'क' भौतिक दृष्ट्या कधीच तंतोतंत सारखा नसतो. त्याचे एकत्व भाषेच्या व्यवस्थेत असते. 'जुना ध्वनी तसाच वाजला पाहिजे' असे म्हणताना 'तसाच' या शब्दाचा अर्थ याच दृष्टीने घ्यावयाचा आहे.

४. स्वरसारणी : पट्टीपासून सुटलेला स्वर

झिनमधील एका सोयीचा आपल्याकडील संगीतविचाराशी निकटचा संबंध पोहोचतो. मिडीतील स्वरक्रमांक स्वतः कंपनसंख्या सांगत नाही. तो केवळ पट्टीचा निर्देश करतो. व्यवहारात मात्र सप्तकाचे बारा समान भाग गृहीत धरले जातात आणि प्रत्येक भाग १०० सेंटचा मानला जातो. या हिशेबात गांधार ४०० सेंटवर येतो. ५/४ या प्रमाणाचा स्वयंभू गांधार सुमारे ३८६.३ सेंटवर असतो. हा पावणेचौदा सेंटचा फरक तयार कानाला सहज जाणवतो.

महाराष्ट्रात हा प्रश्न फार पूर्वी ऐरणीवर आला होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये हिंदू स्वरसप्तक व बावीस श्रुती या विषयावर इंग्रजीत ग्रंथ प्रसिद्ध केला. न्यायखात्यातील अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी तोच विचार पुढे चालविला आणि त्यानुसार श्रुतींची हार्मोनियम घडविण्यात आली. १९१६ च्या बडोदे येथील संगीत परिषदेत या उपक्रमाविषयी तीव्र मतभेद झाले. वादाचा निकाल काहीही असो, अडचण वाद्याच्या जातीतच होती. श्रुतींची एक उपपत्ती स्वीकारून सूर घडविले की ती उपपत्ती पितळेत गोठली. दुसऱ्या अभ्यासकाला दुसरी उपपत्ती तपासावयाची तर दुसरे वाद्य घडविणे भाग होते.

झिनमध्ये सप्तक ही अक्षरांत लिहिलेली सारणी आहे. एकेका ओळीवर एकेक स्वर, सेंटमध्ये किंवा प्रमाणात, लिहावयाचा. सप्तकात १२८ पर्यंत स्वर बसविता येतात. मॅन्युएल ओप द कूल यांच्या 'स्काला' या आज्ञावलीने रूढ केलेल्या पद्धतीच्या सारण्याही त्यात घेता येतात. देवलांची सारणी, तिच्या विरोधकांची सारणी आणि समविभागी सारणी अशा तिन्ही एकाच वाद्यावर एकामागून एक ऐकणे यामुळे शक्य होते. सारणीने मींड किंवा आंदोलन मिळत नाही, हे खरे; ती स्वरांची वर्णमाला देते, उच्चार देत नाही. परंतु वर्णमाला वाचकाच्या हाती आली, ही गोष्ट लहान नव्हे.

येथे एक सूक्ष्म मुद्दा आहे. ज्याने सारणीला हातही लावला नाही त्याचे वाद्य समविभागी बारा स्वरांतच वाजते. नवी सोय असली तरी ती जागविल्याशिवाय जागत नाही. हेच तत्त्व पुढे शाखाभेदाच्या वेळी निर्णायक ठरले.

५. शाखाभेद

२००९ मध्ये ॲलन कॅल्व्हर्ट यांनी झिनच्या २.४ या आवृत्तीपासून स्वतंत्र शाखा काढली आणि तिला 'योशिमी' हे नाव दिले. झिन अनेक प्रणालींवर चालविण्याचा प्रयत्न होत होता. कॅल्व्हर्ट यांनी केवळ लिनक्सपुरते पाहावयाचे ठरविले आणि जॅकशी जुळवून घेणे व गणना वेळेत पुरी करणे यांवर भर दिला. पुढे योशिमीची धुरा विल गॉडफ्री यांच्याकडे आली. झिनची मूळ शाखाही खुंटली नाही. मार्क मकरी यांनी तिची अंतर्गत रचना मोठ्या प्रमाणावर नव्याने बांधली आणि २०१६ मध्ये ३.० ही आवृत्ती सर्वस्वी नव्या दर्शनी मांडणीसह निघाली. या मांडणीच्या तयार प्रती मूल्य घेऊन देण्यात आल्या. जीपीएल परवान्याला विक्रीचे वावडे नाही, संहिता दडविण्याचे आहे, हे यानिमित्ताने सांगितले पाहिजे.

भाषाभ्यासकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. एक मूळ भाषा, दोन बोली. प्रत्येकीत स्वतंत्र नवनिर्मिती. आणि बोली कोठे संपते व भाषा कोठे सुरू होते याचा निकष म्हणजे परस्परबोध. संश्लेषकांच्या बाबतीत परस्परबोधाचे साधन म्हणजे वाद्यफाइल. वादक महिनोन्‌महिने खपून जो ध्वनी बांधतो तो या फाइलमध्ये साठविलेला असतो. एका शाखेत बांधलेले वाद्य दुसरीत उघडले आणि ओळखता आले, तर वादकाचे श्रम शाखाभेदातून वाचले. ते उघडले नाही, तर त्याला एका बाजूस राहणे भाग पडते.

योशिमीत आलेल्या सोयींपैकी दोन येथे पाहू. पहिली 'व्हेक्टर' नियंत्रणाची. एका वाहिनीवर दोन किंवा चार वाद्ये ठेवून दांडी फिरवावी तसतसे त्यांचे मिश्रण बदलावयाचे, ही ती कल्पना. मिडीच्या वाहिन्या १६. प्रत्येकीवर चार वाद्ये म्हटली की ६४ जागा लागतात. मूळ झिनमध्ये जागा १६ होत्या. योशिमीने त्या ३२ वा ६४ करण्याची मुभा दिली, पण आरंभी १६ च ठेवल्या. दुसरी सोय आज्ञापंक्तीची. वाद्याची नियंत्रणे चित्रमय खिडक्यांवाचून, केवळ लिहिलेल्या आज्ञांनी हाताळण्याची व्यवस्था योशिमीत क्रमाक्रमाने पूर्ण होत गेली. ज्यांना पडदा दिसत नाही अशा दृष्टिहीन वादकांनाही वाद्य खुले झाले, हे तिचे मोठे फळ होय.

६. लोप आणि अध्याहार

इतक्या सोयी वाढूनही जुनी वाद्ये कशी टिकली, याचे उत्तर फाइलच्या घडणीत आहे. झिनची वाद्यफाइल ही संकोचित केलेली, परंतु मूलतः माणसाला वाचता येणारी अक्षरसंहिता आहे. तीत प्रत्येक मूल्य त्याच्या नावानिशी लिहिलेले असते : ध्वनिमान इतके, उपस्वर अमुक, गाळणी तमुक. मूल्य केवळ स्थानावरून ओळखावयाचे असते, तर मध्ये एक नवे मूल्य घुसताच पुढील सारा अर्थ बिघडला असता. नावामुळे तसे होत नाही.

आज्ञावली फाइल वाचताना प्रत्येक नाव शोधते. ते सापडले नाही तर एक ठरावीक मूल्य गृहीत धरते. इंग्रजीत ज्याला 'डिफॉल्ट' म्हणतात त्याला मराठीत अध्याहृत मूल्य म्हणणे मला अधिक अन्वर्थक वाटते. कारण वाक्यात न उच्चारलेले पद जसे आपण अध्याहाराने घेतो, तसेच हे आहे. पाणिनीय परंपरेने 'लोप' ही संज्ञा करून अभावालाही व्याकरणात स्थान दिले. मराठीत 'झाड' या रूपाला वचनाचा प्रत्यय नाही. पण त्या अभावातूनच एकवचन कळते. फाइलमधील न लिहिलेले मूल्यही असेच बोलके असते.

योशिमीतील एक उदाहरण घेऊ. माणूस वाजवितो तेव्हा सूर किंचित हलतो. यंत्र वाजविते तेव्हा तो हलत नाही. हा कृत्रिमपणा घालविण्यासाठी प्रत्येक स्वराला यदृच्छेने थोडे खालीवर करणारी 'ह्यूमनाइझ' नामक सोय योशिमीत आली. तिचे अध्याहृत मूल्य शून्य आहे. ही सोय अस्तित्वात येण्यापूर्वी लिहिलेल्या फाइलमध्ये तिचे नावही असणे शक्य नाही. म्हणून ती फाइल उघडताच मूल्य शून्य धरले जाते आणि जुना ध्वनी जुन्यासारखाच वाजतो. सोय सुखावह होती म्हणून तिचे अध्याहृत मूल्य शून्याहून अधिक ठेवले असते, तर जगातील सारी जुनी वाद्ये एका रात्रीत किंचित बेसूर झाली असती. डाव्या-उजव्या बाजूंत ध्वनी वाटण्याच्या नियमाचेही असेच झाले. पुढे पर्यायी नियम दिले गेले, परंतु न सांगता लागू होणारा नियम जुनाच राहिला.

उलट दिशेचा प्रश्न अधिक कठीण आहे. नव्या आवृत्तीत बांधलेले वाद्य जुन्या आवृत्तीला किंवा दुसऱ्या शाखेला दिले तर ती अपरिचित नावे सोडून देते. अर्थाचा काही भाग गळतो, पण वाक्य मोडत नाही. योशिमीने याची दखल घेऊन वाद्य साठविण्याचे तीन पर्याय ठेवले : झिनपासून चालत आलेले रूप, योशिमीचे स्वतःचे विस्तारित रूप, अथवा दोन्ही. दोन लिप्यांत एकच मजकूर कोरणाऱ्या शिलालेखाची येथे आठवण होते. स्वतःचे वेगळेपण जपावयाचे, पण शेजाऱ्याला वाचता येणार नाही असे करावयाचे नाही, असा हा व्यवहार आहे.

७. विरोधी उदाहरण

ही व्यवस्था आपोआप घडत नाही, हे दुसऱ्या एका इतिहासावरून स्पष्ट होते. अमेरिकेतील ऑप्कोड ही कंपनी १९८५ मध्ये स्थापन झाली. मिडी आणि ध्वनिमुद्रण यांचा संयोग करणारी 'स्टुडिओ व्हिजन' ही तिची आज्ञावली १९९० च्या दशकात अनेक संगीतकारांनी आपलीशी केली. १९९८ मध्ये गिब्सन कंपनीने ऑप्कोड विकत घेतली आणि १९९९ मध्ये तिच्या आज्ञावल्यांचा विकास थांबला. संहिता बंद असल्यामुळे वापरणाऱ्यांपैकी कोणालाही ती उचलून पुढे नेता आली नाही. जुनी यंत्रे चालती ठेवणे किंवा आपले काम दुसऱ्या साधनात हलविणे, एवढेच त्यांच्या हाती उरले. आज्ञावली गुणांनी कमी होती म्हणून हे झाले नाही.

झिनच्या बाबतीत मूळ कर्ता दैनंदिन कामातून बाजूला झाल्यावरही असे झाले नाही. एकाऐवजी दोन हातांनी ते काम उचलले. शिवाय एलएमएमएस या संगीतरचनेच्या मुक्त आज्ञावलीनेही झिनचा अंतर्भाव केला असल्याने त्याच ध्वनींना वाचणारा तिसरा वाचक मिळाला. ज्या ग्रंथाच्या प्रती तीन ठिकाणी आहेत तो एका आगीत नष्ट होत नाही, हा हस्तलिखितांच्या अभ्यासकांचा अनुभव येथेही लागू पडतो.

मात्र खुल्या संहितेने सर्व प्रश्न सुटतात असे समजू नये. दोन शाखांत काम विभागले जाते. एका शाखेत सुधारलेला दोष दुसरीत पुन्हा हाताने सुधारावा लागतो. अंतर्गत रचना जसजशा दूर जातात तसतसे हे उसने घेणे अवघड होते. काही वेळा दोष सुधारणे हीच आपत्ती ठरते, कारण कोणीतरी त्या दोषावरच आपला ध्वनी बांधलेला असतो. भाषेतही अपभ्रष्ट रूपावर पुढे सुंदर काव्य रचले जाते. ते रूप शुद्ध करू गेले की काव्य बिघडते. अशा वेळी नियम पुरेसा पडत नाही, विवेकच लागतो.

८. उपसंहार

वरील विवेचनाचे तात्पर्य असे. ध्वनिसंश्लेषकाच्या नव्या सोयींचे मोल केवळ त्यांनी काय शक्य केले यावरून ठरविता येत नाही. न मागता त्या किती गप्प राहू शकतात, यावरूनही ते ठरले पाहिजे. सारणी न देणाऱ्याला बारा स्वर, व्हेक्टर न मागणाऱ्याला सोळा जागा, ह्यूमनाइझ न जाणणाऱ्या फाइलला शून्य : या तिन्ही ठिकाणी एकच नीती दिसते. नव्याने जुन्याचा अर्थ बदलू नये. आणि जुन्याने नव्याची वाट अडवू नये.

संगणकीय साधनांच्या इतिहासाकडे आपल्या विद्यापीठांत बहुधा तंत्रज्ञानाचा विषय म्हणून पाहिले जाते. परंतु नावे, अध्याहार, शाखाभेद, परस्परबोध आणि पाठपरंपरा हे सारे भाषाशास्त्राचे व पाठचिकित्सेचे नित्याचे विषय आहेत. आज पदव्युत्तर विद्यार्थी आपले कोश, बोलींचे ध्वनिमुद्रण आणि टिपणे संगणकातच साठवितात. ती वीस वर्षांनी कोणाला उघडता येतील, हा प्रश्न झिनच्या वादकापुढील प्रश्नाहून वेगळा नाही. आपण निवडलेल्या साधनाची संहिता खुली आहे काय, त्याच्या फाइलमध्ये मूल्ये नावानिशी लिहिली जातात काय, आणि न लिहिलेल्याचा अर्थ कोठे नोंदला आहे काय, हे तीन प्रश्न कामास आरंभ करण्यापूर्वीच विचारून ठेवणे इष्ट होय.